झबल्यांच्या घरातलं झबलं

दुकानाला काउंटर नसला की लोकांना वाटतं, तिथे काय किस्से घडणार? मोबाइलवर ऑर्डर येते, पिशवी जाते, विषय संपला. पण किस्से चिंध्यांसारखे असतात. कापताना कुणाचं लक्ष नसतं, संध्याकाळी केर काढताना ढीग निघतो. आता आमचं पॅकिंग वेगळ्या गाळ्यात होतं, तीन बायका कामाला आहेत, सगळं शिस्तीत चालतं. तरी जीव अडकलाय तो सुरतेतल्या भेस्तानच्या त्या दोन खोल्यांतच. तिथे पलंगावर झबली, फ्रिजवर टोपडी आणि पोळ्यांच्या डब्यावर दुपटी असायची.

घरात आम्ही पाच जणं. मी, माझा नवरा, मोठे दीर म्हणजे दादा, त्यांची बायको कल्पनाताई आणि सासूबाई. ताईच्या हाताला शिवण होतं, माझ्या हातात मोबाइल होता. एवढ्या भांडवलावर आम्ही दोघी जावांनी तान्ह्या बाळांच्या कपड्यांचं ऑनलाइन दुकान काढलं.

पहिल्याच दिवशी मार्केटमध्ये पचका झाला. आम्हाला मऊ सुती कापड हवं होतं, आणि सुरतेत जिकडेतिकडे सिंथेटिक साड्या. तिथल्या शेठने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बेन, आखा सुरतमां कॉटन शोधो छो? साडी लई जाओ ने."

आम्ही खरंच एकेक साडी घेऊन घरी आलो.

*

कापड पुढे मिळालं, कपडे शिवून झाले, फोटोसाठी बाळ मिळेना. गल्लीत बाळं ढीगभर, पण दृष्ट लागेल म्हणून एकही आई तयार होईना. शेवटी मी बाजारातून एक रबरी बाहुली आणली, तिला झबलं-टोपडं घातलं आणि फोटो काढायला खिडकीत बसवलं.

मी फोन आणायला आत गेले, तेवढ्यात सासूबाईंनी काजळाची डबी काढून बाहुलीच्या गालावर ही एवढी तीट लावली. मी म्हटलं, "आई, ती रबराची आहे."

"मंग?" सासूबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "लोकेसनी नजर रबरनी शे का?"

ती तीट काही पुसली गेली नाही. फोटो तसेच टाकले. पंधरा दिवसांत गिऱ्हाइकं आम्हाला 'वो काला टीका वाली दुकान' म्हणायला लागली. जाहिरातीवर पैसे घालून असलं नाव मिळालं नसतं!

*

मग ताईला दिवस गेले आणि घरात हसणं थोडं कमी झालं.

याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. दुसऱ्या वेळी तर सातव्या महिन्यात. तेव्हा दादांनी हौसेनं आधीच एक गुलाबी स्वेटर आणून ठेवला होता. आमच्याकडे बाळ हातात आल्याशिवाय त्याचं कापड घरात आणत नाहीत. सासूबाई दादांना कधी काही बोलल्या नाहीत, पण तो स्वेटर त्यांच्या मनातून गेला नव्हता, आणि दादांच्याही.

आणि आता घरभर झबलीच झबली! सासूबाई म्हणाल्या, दुकान बंद करा. ताई म्हणाली, "आई, मशीन बंद केली तर मी दिवसभर काय विचार करत बसू?"

दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या सकाळी सासूबाई अंघोळ करून आल्या, कपड्यांच्या रॅकसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हाई आपलं नही. हाई समदं गिऱ्हाईकनं शे."

त्यानंतर रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की रॅकला हे ऐकवायचं. एकदा कुरिअरवाला दारात उभा होता. त्याने घाबरून विचारलं, "माँजी, मुझे बोल रही हो?"

*

त्याच काळात एका बाईंचा मेसेज आला. झबलं सुंदर आहे, पण बाळाला खांद्यात ढिलं होतंय. मी लगेच फोन लावला. गिऱ्हाईक तुटता कामा नये.

"बच्चे का वज़न कितना है?"

"ढाई किलो होगा."

ताई बाजूला बसून ऐकत होती. म्हणाली, अडीच किलो म्हणजे नाजूक आहे गं, दिवस विचार. मी विचारलं, "कितने दिन का है?"

"दिन का क्या पूछती हो बेन, पीतल का है. हमारे लड्डू गोपाल."

मी फोनवर हात ठेवून हसू दाबलं. ताईने मात्र शांतपणे माप लिहून घेतलं आणि देवासाठी नवीन झबलं शिवलं, चिमुकल्या कुंचीसकट. सासूबाईंनी त्या एका ऑर्डरचं पॅकिंग स्वतः केलं. पिशवी बांधताना तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. काय मागत होत्या, ते आम्हाला न विचारताही कळत होतं.

*

आधी कपडे घ्यायचे नाहीत ही रीत आमच्या घरापुरती थोडीच होती? त्यामुळे आमच्या ऑर्डरी थेट दवाखान्यातून यायच्या. नुकताच बाप झालेला माणूस धापा टाकत फोन करायचा. एकाला मी विचारलं, बाळ केवढं आहे? तो म्हणाला, "मेरी कोहनी से घड़ी तक." मी दादांचा हात धरून कोपरापासून मनगटापर्यंत टेप लावला आणि तो साइज पाठवला. अगदी मापात बसला.

अशा घाईच्या ऑर्डरी दादा स्कूटरवरून पोचवायचे. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर पाळी करून आलेला माणूस, पण कधी कंटाळा केला नाही. फक्त दवाखान्याच्या आत जायचे नाहीत. पिशवी वॉचमनकडे द्यायचे आणि स्कूटर वळवायचे. एकदा मी विचारलं, "दादा, आत जाऊन द्या ना, लोक पेढा देतात."

"माझा पेढा राहू दे अजून," म्हणाले.

*

आणि मग ती दुपार. ताईला मुलगी झाली. रडली, चांगली मोठ्यांदा रडली. दादा जिन्यातच खाली बसले.

नर्स बाहेर आली. म्हणाली, बाळाचे कपडे द्या.

घरात झबल्यांचा डोंगर आणि दवाखान्यात एक चिंधी नाही! मी म्हटलं, पळत जाऊन घेऊन येते. सासूबाईंनी माझा हात धरला. पहिलं झबलं नवं चालत नाही. कुणाच्या तरी चांगल्या हसत्या-खेळत्या लेकराच्या अंगावरचं उतरलेलं लागतं.

"आता जुनं कुठून आणू?"

"तुना फोनमा लिख," सासूबाई म्हणाल्या. "जुनं झबलं जोयजे."

दुकानाच्या स्टेटसवर, नव्या कपड्यांच्या फोटोंखाली, मी दवाखान्याचा पत्ता देऊन लिहिलं, 'आमच्या बाळासाठी एक जुनं झबलं हवं आहे.' हिंदीतही लिहिलं. लाज वाटत होती. कुठला दुकानदार गिऱ्हाइकाकडे जुनं मागतो?

तासाभरात शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, कोसाडहून, एक बाई रिक्षाने आली. आमची गिऱ्हाईक, पण तोंड आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. कडेवर आठ-नऊ महिन्यांचं गुटगुटीत पोरगं, कमरेला नुसता लंगोट, वर काही नाही. तिच्या हातात आमचंच पिवळं झबलं होतं.

"धोने का टाइम नहीं मिला," ती म्हणाली. "अभी रिक्षा में उतारा है."

नर्स काहीतरी बोलणार होती. सासूबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्या पोराच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. झबलं हातात घेतलं. ते अजून कोमट होतं.

आत जाऊन त्यांनी ते बाळाला घातलं. दादाही मागोमाग आत आले. बाळ त्यात कुठच्या कुठे हरवलं. बाह्या हाताच्या पार पुढे, गळा खांद्यावरून खाली. ताईने पडल्या पडल्या एकेक बाही दुमडली, परत दुमडली, अजून एकदा दुमडली, तेव्हा कुठे मूठ दिसली.

मग दादांकडे बघून म्हणाली, "बरोबर बसलं."