मेजरांचं बोट

मेजर वॉर्डात शिरायचे ते उजव्या हाताचं बोट वर धरून. पंच बाद देताना धरतो तसं. दार डाव्या हाताने ढकलायचे, टोपी डाव्या हाताने काढायचे, पण ते अंगठ्याशेजारचं बोट कशालाही लागू द्यायचे नाहीत. घरून साबणाने धुऊन आणलेलं असायचं. कराडच्या एसटी स्टँडपासून हा माणूस बोट तसंच वर धरून चालत येतो, असं आमचा वॉचमन शपथेवर सांगायचा.

खरे मेजर ते नव्हतेच. हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात. खऱ्या मेजरला काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. कृष्णाकाठी थोडा ऊस, दावणीला म्हशी आणि कशानेही न तापणारं डोकं, एवढी त्यांची इस्टेट. शेजाऱ्याने बांध कोरला तरी हे म्हणणार, "दमानं घ्या. जमीन कुटं पळून चाललीया?"

त्या थंड डोक्यामुळेच त्यांच्या बोटाला भाव आला होता. बाळ जन्मल्याबरोबर जो त्याला मधाचं बोट चाटवतो त्याचा स्वभाव बाळात उतरतो, असं आमच्याकडे मानतात. तुम्हीही ऐकलं असेल, "अगदी आत्यावर गेलाय, तिनंच बोट लावलं होतं." तेव्हा ज्या घरात भांड्याला भांडं जरा जास्तच लागतं, त्या घरची सून दवाखान्यात दाखल झाली की पहिला फोन मेजरांना जायचा. डॉक्टरांना नंतर.

त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र घोटाळा झाला होता. मेजर तो अगदी सरळ सांगायचे. "ह्यो जन्मला तवा आमी सरहद्दीवर. ह्याच्या मामानं बोट लावलं. मामा कसा? तर ठेच लागली की दगडाशी भांडनारा." हा मुलगा सांगलीजवळच्या कुपवाडच्या निम्म्या कारखान्यांतून भांडून बाहेर पडला होता आणि उरलेल्या निम्म्यांपैकी एकात नोकरीला होता.

माझी नोकरी या मधाच्या विरुद्ध. मी त्या प्रसूतिगृहात सिस्टर. बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, हे आमच्या बाळांच्या डॉक्टरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं. त्याच पाटीखाली, पडद्याआड, मेजरांचं काम चालायचं. मला वास यायचा.

"मेजर, मध दिलात ना?"

"न्हाई हो सिस्टर. नुसतं टेकवलं."

"टेकवलं म्हणजे काय? चाटलंच ना त्याने?"

"चाटलं की. लय गुनाचं पोरगं हाय."

त्यांच्यावर चिडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान हसत तरी नाही.

मग एक दिवस त्यांची सूनच आमच्याकडे आली. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. कळा सुरू झाल्या आणि पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टरांनी घाईने सिझर केलं. मुलगी झाली. लहानखुरी, गार, आणि रडणं असं की कान तिच्या तोंडाशी नेल्याशिवाय ऐकू येईना. दूध ओढायला तोंड उघडेना. सुनेच्या अंगात ताप होता. मुलगा डॉक्टरांवर ओरडून जिन्यात जाऊन बसला होता.

आणि मेजर आले. बोट वर, खिशात मधाची बाटली, मागे त्यांची बहीण. एवढ्या गावाच्या पोरांना बोट लावून झालं, आता पहिल्यांदा स्वतःच्या रक्ताचं बाळ समोर होतं. पण त्या दिवशी स्वभाव वगैरे द्यायला ते आलेच नव्हते. ही जगावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"दादा, लावा की बोट," बहीण म्हणाली. "पोरगी सुकाय लागलीया. मदानं जरा हुशारी यील."

मी मध्ये उभी राहिले. मेजरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, इतक्या लेकरांना लावलं. कुनाला काय झालं?"

प्रश्न रास्त होता. खोटं बोलून चाललं नसतं. "धडधाकट बाळं निभावून नेतात, मेजर. हिच्यात ती ताकद नाही."

मग मी त्यांना डॉक्टर आम्हाला समजावतात तसंच समजावलं. सरळ बाळंतपणात बाळ बाहेर येताना आईच्या अंगातले चांगले जंतू घेऊन येतं. ते आतड्यात वस्ती करतात, दूध पचवतात, रोगाच्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत. सिझरच्या बाळाला ती वाट मिळत नाही. त्याच्या आतड्यात जागा मोकळी असते, आणि जो आधी पोचतो तो ठाण मांडतो. मग तो दवाखान्यातला असो, नाहीतर कुणाच्या बोटावरचा.

मेजर डोळे बारीक करून ऐकत होते. "म्हंजे पोस्ट मोकळी हाय."

"हो."

"आनि मदातनं कोन चढून जाईल ह्येचा नेम न्हाई."

"नाही."

"मग पयली तुकडी कुनाची?"

"आईची. तिच्या अंगाला अंग लागू दे आणि तिचा चीक पोटात जाऊ दे."

"सिजर केलं म्हनून पोरगी कच्ची ऱ्हानार व्हय?"

"सिझर केलं म्हणून पोरगी आहे, मेजर. राहिलेलं आता आपण करू."

त्यांनी बोट खाली घेतलं. काय करावं ते न कळून हात मागे बांधला. इतकी वर्षं त्या बोटावर मी वैतागले होते, पण ते असं खाली आलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

बहिणीचं समाधान होईना. चीक म्हणजे आईचं ते पहिलं घट्ट, पिवळं दूध. "आमी तर त्यो पिळून टाकायचो," ती म्हणाली. "नासकं दूद त्ये."

मेजर वळले. "म्हस व्याली की परातभर खरवस करतीस, गल्लीभर वाटतीस. आनि लेकराच्या वाटंचा चीक मोरीत टाकतीस व्हय?"

"खरवसाची गोष्ट येगळी," बहीण म्हणाली, पण आवाज उतरला होता. थोड्या वेळाने तीच सुनेच्या पाठीला उशी लावून, वाटी धरून बसली. थेंब थेंब चीक गोळा व्हायचा आणि मी तो चमच्याने बाळाच्या ओठांत सोडायची. निम्मा गालावरून ओघळायचा.

ताप होता तरी सुनेने बाळाला उघड्या छातीशी धरलं. ती थकली की पाळी बापाची. मी त्याला शर्ट काढायला सांगितलं तर तो आधी "का?" म्हणून भांडायच्या तयारीतच आला. बाळ छातीवर ठेवलं, वरून चादर घातली, आणि तो गप्प झाला. रांगेत कुणी पुढे घुसलं तर बाह्या सरसावणारा हा माणूस शिंक आली तरी दाबून धरायला लागला. पाय बधीर झाले तरी हलेना. मेजर दारातून ते बघायचे.

दारात खुर्ची टाकून ते पहाऱ्याला बसले होते. गावाकडून माणसं यायची, पोरीचा मुका घेऊ म्हणायची.

"पास हाय का?"

"कसला पास, मेजर?"

"मग बगायचं लांबनं. मुका घ्यायचाच आसंल तर घरला जाऊन म्हशीचा घ्या."

दोन दिवस ती पोरगी आम्हाला झुलवत राहिली. एकदा ओठ हलवायची, एकदा पुन्हा मान टाकायची. मग एका सकाळी आईच्या कुशीत असतानाच तिने तोंड उघडलं, धरलं आणि ओढायला लागली. चुटुक चुटुक आवाज येत होता. मी धावतच बाहेर गेले.

"मेजर, ओढते आहे!"

"ओढतीया?"

"सोडतच नाही."

ते उठले, पुन्हा बसले. टोपी काढून तिच्यात तोंड लपवलं आणि रडले. नंतर झाडलोट करणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्याला, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईच्या नवऱ्याला, प्रत्येकाला थांबवून सांगायला लागले, "ओढतीया!" सगळ्या वॉर्डाला चहा आला. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला होता. नोकरीत इतकी बाळं पाहिली, पण त्या सकाळी मला कडकडून भूक लागली.

आवाज मात्र अजून बारीकच होता. घरी नेताना मेजरांनी तेवढंच विचारलं, "आवाज निगंल न्हवं?" मी म्हटलं, "निघेल."

त्यानंतरही लोक मेजरांना बोलवायचेच. इतक्या वर्षांची ख्याती अशी कशी जाणार? पण आता ते आमच्याच बेसिनवर कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि आधी बाळाच्या आजीला दरडावायचे, "चीक पाजला का? आदी आई. मग आमी." मग ते बोट बाळाच्या तळहातावर ठेवायचे. तान्ही बाळं हातात आलेलं काहीही घट्ट धरतात. ते धरलं की घरचे खूश. "मेजरांचं बोट धरलं बगा कसं!" मधाचा वास आमच्या वॉर्डात पुन्हा आला नाही.

सून नोकरीवर परत रुजू झाली तेव्हा नात सांभाळायला मेजर कुपवाडला राहायला गेले. अजूनही एखादी आजी आमच्या वॉर्डाच्या दारातून विचारते, "मेजर न्हाईत व्हय आज?" नाहीत म्हटलं की तिचा चेहरा पडतो.

परवा सांगलीला लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून कुपवाडला डोकावले. पत्र्याच्या शेड्सच्या मागे त्यांची दोन खोल्यांची जागा. बाहेरूनच किंकाळ्या ऐकू आल्या. नातीला पाटा-वरवंट्यातला वरवंटा अंथरुणात घेऊन झोपायचं होतं आणि ते कुणी करू देत नव्हतं. लालबुंद होऊन ती जमिनीवर पाय आपटत होती. शेजारीण खिडकीतून ओरडली, "आवं आजोबा, घ्या की पोरीला! कारकान्याचा भोंगा बरा हिच्यापरास!"

मेजर नातीसमोर मांडी घालून बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान की जणू कीर्तन ऐकायला बसलेत.

"मेजर," मी म्हटलं, "हिला बोट कुणी लावलं हो?"

"कुनीच न्हाई. ही सोताचीच हाय."

"मग उचला की तिला!"

"उचलतो. जरा आयकू द्या."

वर पंखा खडखडत होता. भर दुपारचं ऊन पत्र्यावर तापत होतं. मेजर उठले, पंखा बंद केला आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन बसले.