दारात थांबलेली हलगी

सुरुवातीलाच माफी मागतो. लढाईबद्दल लिहायचा अधिकार ज्याने ती पाहिली त्याचा. मी ती पाहिलेली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि अजून शिकतोच आहे. लिहिताना वाक्य मोडतं, मग पुन्हा बांधावं लागतं. तरीही लिहितो आहे, कारण त्या वर्षी काही माणसं आमच्याशी ज्या रीतीने वागली, ते कुठेतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे वाचता येणार नाही. ते कुणीतरी वाचून दाखवील, अशी आशा आहे.

आमचं गाव मुरगूडच्या पलीकडे, लहानसं. घरी आई, आबा, दोन म्हशी आणि थोडी शेती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दहावीनंतर फौजेत भरती झाला. मी शिकावं हा हट्ट त्याचा. मला कोल्हापूरला कॉलेजात घालून, शाहूपुरीत खोली बघून देऊन, गादी स्वतःच्या खांद्यावरून जिन्याने वर नेऊन तो रजेवरून परत गेला होता.

घरी फोन नव्हता. गावात तो दूध संस्थेत होता. दादा दर रविवारी सकाळी तिथे फोन करायचा. एरवी दूध घालायला आबा जायचे, पण रविवारी किटली आई घ्यायची आणि माप झालं तरी तिथेच दाराशी उभी राहायची. सेक्रेटरी म्हणायचे, "वैनी, बसा की. फोनला काय पाय फुटत न्हाईत." आई बसायची नाही. फोन उभ्यानेच घ्यायचा असतो, असं तिला का वाटायचं कुणास ठाऊक.

कारगिलची लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात दादाने एका रविवारी सांगितलं, "आता काही दिवस फोन जमायचा न्हाई. काळजी करू नका." त्यानंतर फोन बंद. आई मात्र रविवारी किटली घेऊन जायचीच.

संस्थेत एका फळीवर टीव्ही होता. मी सुट्टीत गावी होतो, तेव्हा संध्याकाळी सातच्या बातम्यांना सगळं गाव दूध घालता घालता तिथे थांबायचं. सुरुवातीला उत्साह फार होता. एखादं शिखर परत घेतल्याची बातमी आली की पोरं टाळ्या वाजवायची. पुढे पुढे तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायला लागल्या आणि टाळ्या कमी होत गेल्या. त्या जागी बोलणं वाढलं, तेही रागाचं.

एक संध्याकाळ मला जशीच्या तशी आठवते. आणखी एक टेकडी घेतल्याचं टीव्हीवर सांगितलं. तालमीतल्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. फौजी तात्या भिंतीला टेकून बसले होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा डावा हात मनगटापासून गेलेला.

"टेकडी आपलीच हाय की रं," ते म्हणाले. "आपल्याच घरात शिराय आणखी किती पोरं घालायची? आन ती वर चढून बसंपतूर बघणारं कोण झोपलं होतं, ते ईचारा की त्या टीवीला."

"तात्या, तुमी फौजी असून असं बोलताय?" त्यातला एक पोरगा म्हणाला.

"फौजी हाय म्हणूनच बोलतोय. तू वाजीव टाळ्या. मला वाजवायची म्हटली तर दुसरा हात कुठनं आणू?"

मापाजवळ उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंना तोंड फुटलं. "एकेक तोफगोळा सोडत्यात, त्येच्या पैशात आमच्या गल्लीत नळ आला असता. डोक्यावरनं पाणी आणून मान मोडली माझी."

"काकू, ही देशाची गोष्ट हाय," तो पोरगा म्हणाला.

"आन आमी कोण? पावणं व्हय?"

सगळे हसले. तात्याही हसले, मग आपल्या तुटक्या मनगटाकडे बघत म्हणाले, "ह्यो गेला तवा माझ्या आईनं गावात साखर वाटलेली. पोराचा हात गेला म्हणून साखर! का, तर बाकीचा पोरगा आला. लढाई म्हंजे हे असतंय, लेकानों."

आई त्या वेळी तिथे नव्हती. तो रविवार नव्हता. घरी जाऊन मी तिला यातलं काही सांगितलं नाही.

कॉलेज सुरू झालं आणि मी कोल्हापूरला परतलो. तिथे मोर्चे निघत होते. मुलं डबे घेऊन शाहूपुरीतल्या दुकानांतून निधी गोळा करत होती. काही दुकानदार मनापासून देत. काही जण देतानाच बोलून दाखवत, "लढाईचा खर्च वरचे करत्यात आन डबा आमच्यापुढं." मीही दोन दिवस हिंडलो. घोषणा मात्र माझ्याच्याने देववेना. मला देशाचं प्रेम नव्हतं असं नाही. तोंड उघडलं की दादाचा चेहरा समोर यायचा. मी जेवायचो त्या खानावळीच्या मावशींना दादाचं कुणी सांगितलं कोण जाणे. मी ताटावर बसलो आणि बातम्या लागल्या की त्या उठून टीव्हीचा आवाज बंद करायच्या. बाकीची मुलं ओरडायची, "मावशी, आवाज!" मावशी म्हणायच्या, "बटन बिघडलंय. गुमान जेवा." मी उठलो की बटन आपोआप दुरुस्त व्हायचं. मी त्यांना कधी काही बोललो नाही. आज इथे त्यांचे आभार मानतो.

मग बैलांचा सण, बेंदूर आला. आमच्याकडे कर्नाटकी बेंदूर करतात. बैलांना धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून संध्याकाळी गावातून मिरवणूक निघते. पुढे हलगी, घुमकं, कैताळ अशी वाद्यं. आमच्याकडे बैल नव्हते, पण दारावरून जाणाऱ्या बैलांना आई दरवर्षी ओवाळायची आणि पोळीचा घास द्यायची. गावची एक रीत अशी की ज्या घरात माणूस गेलेलं असेल, त्या दारासमोर हलगी थांबते. बैल मुकाट पुढे जातात आणि ते दार मागे पडल्यावर पुन्हा हलगीवर हात पडतो. कुणाला सांगावं लागत नाही. लहान पोरालाही याचा अर्थ कळतो.

त्या वर्षी बेंदराच्या आधी देवळात बैठक झाली होती. काहींचं म्हणणं पडलं, लढाई चालू असताना यंदा वाजप नकोच. तात्या म्हणाले, बैलांचा वरसाचा एक दिवस, तो कशाला बुडवायचा? त्यातून मध्यम मार्ग निघाला. गावची तीन पोरं लढाईवर होती. एक आमचा दादा, एक सुताराचा आणि एक बौद्ध वस्तीतला. त्या तीन दारांसमोर हलगी थांबवायची आणि मान द्यायचा. ठरवणाऱ्यांच्या मनात यापलीकडे काही नव्हतं. आबा त्या रात्री मळ्यात वस्तीला होते, मी कोल्हापुरात. बाकीच्या दोन घरांतली माणसं बैठकीला होती. आमच्या घरी कुणीतरी सांगितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

बेंदराला मी दुपारच्या एसटीने घरी आलो. आईने पुरण घातलं होतं, दारात सडा टाकला होता. संध्याकाळी ती ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी तिच्या मागे होतो. हलगी गल्लीच्या तोंडाशी आली, जवळ आली, इतकी जवळ की बोललेलं ऐकू येईना. आणि आमच्या भिंतीपाशी येऊन थांबली. घुमकं थांबलं, कैताळ थांबलं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. गड्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या.

आईने हलगीवाल्या मामांच्या हाताकडे पाहिलं. तो हात हलगीच्या वर, न टेकता, तसाच राहिला होता. तिने ताट खाली ठेवलं, आत गेली आणि चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"कवा झालं?" तिने आबांना आणि मला विचारलं. "तुमास्नी कवा कळलं?"

हलगी आमच्या दारात का थांबली, हे आबांना आणि मलाही ठाऊक नव्हतं. ते विचारायला मी बाहेर धावलो. मिरवणूक थांबली. सगळे एकदम बोलत घरात शिरले. अगं मान दिला, अगं काय झालेलं न्हाई, अगं बैठकीत ठरलं होतं. आई सगळ्यांकडे बघत होती आणि कुणाचंच ऐकत नव्हती. शेवटी तात्या पुढे झाले.

"वैनी, मीच ठरीवलं ते. चूक माझी. पोराची कसलीबी बातमी न्हाई."

"तुमी फौजी," आई म्हणाली. "फौजी घरच्यांस्नी खरं सांगत न्हाईत. तुमच्या हाताचं तरी तुमी कवा सांगिटलं आईला?"

त्या रात्री आमच्या घरात पुरणपोळी तशीच राहिली. काकू येऊन आईजवळ बसून राहिल्या. म्हशींच्या धारा आबांनी काढल्या. मला दादाची काळजी तर होतीच, पण खरं सांगायचं तर जास्त भीती आईची वाटत होती. तिने एकदा मनातून दादाला घालवलं असतं, तर खरी बातमी कशीही आली तरी तिला परत कसं आणायचं?

सकाळी हलगीवाले मामा आले. एकटेच. काखेत हलगी. वयाने आबांपेक्षा मोठे. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आक्का, हलगी सादळलीया. जरा इस्तू दे."

पावसाळी हवेत हलगीचं चामडं ओलसर होतं, आवाज मरतो. विस्तवावर धरून शेकल्याशिवाय ती बोलत नाही.

आई आतून म्हणाली, "चूल पेटलेली न्हाई, मामा."

"मग पेटीव की."

मामांनी काखेतली हलगी काढून गुडघ्यांवर ठेवली.

"हे बघ आक्का, माझ्या बापानं ही हलगी वाजिवली, मी वाजिवतोय. सुतकाच्या घरचा इस्तू आमी हलगीला लावत न्हाई. मी तुज्या दारात इस्तू मागाय आलोय. आता तूच बघ काय ते."

मग आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला. चुलीवर पाणी पडलेलं, राख ओली, धूर फार झाला. आई डोळे पुसत होती, ते धुराने की कशाने हे मला सांगता येणार नाही. तिने फुललेले निखारे एका घमेल्यात काढून बाहेर आणून ठेवले. मामांनी हलगी त्यावर फिरवून फिरवून शेकली, बोटाने ठोकून पाहिली, पुन्हा शेकली. मग उठून उभे राहिले आणि आमच्या दारात वाजवायला सुरुवात केली.

मिरवणूक नव्हती, बैल नव्हते. एकटा म्हातारा माणूस हलगी वाजवत होता. गल्लीतली दारं उघडली, माणसं बाहेर आली. मामांच्या कपाळावर घाम आला तरी ते थांबेनात. शेवटी आईच म्हणाली, "बास आता, मामा. हात दुखतील." आणि त्यांच्यासाठी आदल्या दिवशीची पोळी गरम करायला ठेवली. पहिला तुकडा तिने स्वतःच्या तोंडात टाकला. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

मामा निघाले तसा मी त्यांच्या मागे गेलो. "मामा, मी तुमचा आभारी आहे," एवढंच बोललो.

ते हसले. "कॉलेजात हेच शिकीवत्यात व्हय? जा, म्हशीस्नी वैरण घाल." मग चालता चालता म्हणाले, "मला तरी काय ठावं हाय रं पोराचं. पर आई जेवाय पायजे का नको?"

तिथून ते सुताराच्या दारात गेले, मग बौद्ध वस्तीत. नंतर माझ्या लक्षात आलं, त्यांचं घर गावाच्या खालच्या अंगाला. आमच्यापर्यंत येताना गल्लीत एवढ्या चुली पेटलेल्या होत्या. विस्तव त्यांना कुठेही मिळाला असता.

मी कोल्हापूरला परतलो. पुढचे आठवडे कसे गेले, ते नीट आठवत नाही. खानावळीतलं बटन बिघडतच होतं. वर्गात काय शिकवलं ते माझ्या वहीत आहे, पण माझ्या डोक्यात त्यातलं काही नाही. गावाकडून येणाऱ्या माणसांकडून कळायचं, आई जेवते आहे, रविवारी किटली घेऊन जाते आहे. सुताराच्या आणि वस्तीतल्या पोराची खुशाली आली. आमच्याच दादाचं काही कळत नव्हतं.

खोलीच्या खाली एक एसटीडी बूथ होतं. एका सकाळी मी कॉलेजला निघालो तेव्हा बूथवाल्या काकांनी हाक मारली, "तुमच्या गावचा फोन धरून ठेवलाय, पळ." पलीकडे संस्थेचे सेक्रेटरी होते. म्हणाले, "थांब, आईलाच देतो," आणि मला पाच-सहा किटल्यांचे आवाज, कुणाचं तरी मोठमोठ्याने बोलणं आणि मग आईचा श्वास ऐकू आला. तिने याआधी मला कधी फोन केला नव्हता. ती ओरडूनच बोलत होती.

"दादाचा फोन आल्ता. दवाखान्यात हाय. बर्फानं डाव्या पायाची बोटं गेली, काढून टाकली म्हणाला. बाकी सगळा हाय, स्वता बोलला माझ्यासंगं. ऐकतोस न्हवं? शनवारी येताना शाहूपुरीतनं साखर घिऊन ये. गावात वाटायची हाय."