गळाला लागलेली मरळ

कुंडी उकरताना गांडूळ दिसलं आणि चाकणमागच्या जंगलातलं लहानपणीचं तळं आठवलं. कंपनीची गुरुवारची सुट्टी होती. वडील आणि त्यांचे कंपनीतले दोस्त सकाळपासून गळ टाकून बसलेले. "मासाच उरला न्हाई राव," असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्याच गळाला हातभर मरळ लागली. ओढताना तिच्यामागे लाल पिल्लांचा घोळका सैरभैर झालेला दिसला. राखणीला मरळ नसली की बाकीचे मासे पिल्लांना खातात, हे वडिलांनीच सांगितलेलं. मी गळ सोडवून तिला पाण्यात सोडलं. दोस्त हळहळले. वडील मात्र छाती फुगवून म्हणाले, "एक मासा गेला, पर पोरीनं अख्खं तळं राखलं!" मग परवा लेकीला ही गोष्ट सांगत तिथंच नेलं, तर तिच्याही गळाला मरळ लागली. ओढण्याआधी तिनं वाकून पाणी निरखलं.