वस्तीचे पाइप

आमच्या गोठ्यामागं दोन इंची लोखंडी पाइपांचा ढीग होता आणि त्यावर चादर टाकून आई कुरडया वाळवायची. येणारा-जाणारा बघायचा. वडील सोसायटीचे चेअरमन, त्यामुळं कुणी तोंडावर बोलायचं नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण ते पाइप आमचे नव्हतेच. ते टेकडीवरच्या वस्तीचे होते.

वडिलांनी गावात सहकारी पाणी सोसायटी काढली होती. नदीवर मोटर, तिथून जाड लाइन आमच्या शेतापर्यंत आणि तिथून पुढं बारीक लाइन वर टेकडीवर, बौद्ध वस्तीच्या जमिनीला. त्या बारीक लाइनसाठी वस्तीतल्या बायाबाप्यांनी अख्खा उन्हाळा काळ्या खडकात चर खणला. फुकट, श्रमदान म्हणून. जाड लाइन झाली, पाणी आलं आणि आमच्या उसात येऊन थांबलं. ‘औंदा प्रेशर न्हाय,’ असं वडील सांगायचे. प्रेशर कसलं डोंबलाचं! उसाला पुरत नव्हतं, दुसरं काय? मग नदीच आटली. बारीक लाइनचे पाइप आमच्या गोठ्यामागं पडून राहिले, चर तसाच उघडा राहिला आणि त्यात वस्तीच्या शेळ्या पाय मोडून घ्यायला लागल्या. वडील त्यानंतर कधी टेकडी चढले नाहीत. वाटेत वस्तीतलं कुणी दिसलं, की ते छत्री आडवी धरायचे.

मी सोलापूरला वेल्डिंग शिकून लोहाऱ्यात पत्र्याचं वर्कशॉप टाकलं होतं. नांगर, मोटेची चाकं, असली कामं. बहात्तरच्या दुष्काळात तीही बसली. टेकडीच्या पायथ्याला पाण्याचा टँकर यायचा, पण वर जाणारी वाट म्हणजे नुसते धोंडे. बैलगाडी चढायची नाही. बाया डोक्यावर घागरी घेऊन चढायच्या आणि घसरून पडायच्या.

एक दिवस वस्तीतला एक जण वर्कशॉपात आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, खडी फोडायच्या कामावर जाणारा. वर्कशॉपच्या अंगणात लष्कराच्या लिलावातली एक जीप पडून होती. इंजिन ठणठणीत, चारी चाकं ओढणारी, पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, मधोमध मोडलेली.

“भाऊ, ही चढंल का वर?”

“चढंल की. पण चासी कुठून आणू?”

 तो माझ्याकडं न बघता म्हणाला, “पाइप हायती की. तुमच्या गोठ्यामागं.”

माझे कान तापले. च्यायला, मला कसं सुचलं नाही हे? सुचलं असणार. पण त्या ढिगाला हात लावायचा म्हणजे तो कुणाचा हे कबूल करायचं.

रात्री जेवताना मी वडिलांकडं विषय काढला. ते म्हणाले, “सोसायटीची मालमत्ता हाय ती. ठराव करावा लागंल.”

माझं डोकंच फिरलं. “कुरडया वाळवायला केला हुता का ठराव?”

आईनं तोंडाला पदर लावला. वडील ताटावरून उठून गेले. सकाळी बघतो तर वर्कशॉपसमोर आमची बैलगाडी उभी, पाइपांनी भरलेली. वडिलांनी ते स्वतः भरले होते. कासरा माझ्या हातात देऊन ते चालत घरी गेले.

कामाला आम्ही दोघंच, मी आणि तो. पाइप वाकवायचा म्हणजे आत वाळू ठासायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारायचं आणि लाल होईस्तोवर तापवायचा. वाळू असली म्हणजे पाइप चेपत नाही. नदी तर कोरडीठाक, वाळूला काय तोटा? मी झऱ्याच्या कडेची उचलली. बाया पाण्यासाठी खड्डा उकरून बसतात तिथली. आत ओल असंल हे डोक्यातच आलं नाही. पाइप तापला, आत वाफ कोंडली आणि बूच गोळीसारखं सुटून छपराच्या पत्र्यातून आरपार गेलं. तो हसून हसून खाली बसला. “पानी न्हाय म्हनून समदे रडत्यात अन् तुमी पानीच शिजवाय लागलाव!” मीही हसलो. मग लक्षात आलं, की बायांच्या झऱ्याची कड आपण उकरून ठेवली. संध्याकाळी जाऊन गुपचूप नीट करून आलो.

वेल्डिंगला कार्बाइडचा गॅस बनवायलाही पाणी लागायचं. लोक घागरभर पाण्यासाठी भांडत असताना मी बादली ओतायचो, तेव्हा मान वर होत नव्हती. चासीला खाली-वर दोन-दोन पाइप आणि मध्ये तिरकस आधार, सगळे त्रिकोणात. एक चाक धोंड्यावर आणि दुसरं खड्ड्यात असलं, तरी सांगाडा पिळवटून फाटू नये म्हणून. पहिल्यांदा जीप नदीतल्या दगडांवर चालवली तेव्हा दोन जोड तडकले. परत कापले, पट्ट्या ठोकल्या, परत जोडले.

बाजाराच्या दिवशी माणसं बघायला जमायची. एकानं मोठ्यानं म्हटलं, “चेअरमनची स्कीम चालाय लागली की रं! चाकं बसवली तिला!” सगळा बाजार हसला. मीही दात काढले.

जीप तयार झाली त्या दिवशी तो म्हणाला, “चेअरमनलाबी घिऊन या. आई म्हनती, ते आल्याबिगर पानी उतरून घ्यायचं न्हाय.”

मी हे घरी सांगितलं.  वडील धुतलेलं धोतर नेसले, टोपी घातली. “चल. काय शिव्या खायच्या त्या एकदाच खाऊ.”

पायथ्याला टँकरमधून चार बॅरल भरून घेतले. पहिल्या गिअरवर एकेक चाक धोंड्यावर चढवत, उतरवत निघालो. पाइप करकरायचे. तो पुढं चालत वाट दाखवत होता. वडील सारखे खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावत होते. वाटेच्या कडेनं तो चर होता, अर्धा मातीनं भरलेला. वडिलांनी तिकडं बघितलं नाही.

वर पोचलो. अख्खी वस्ती घागरी, हंडे घेऊन उभी. कुणी शिवी दिली नाही. त्याची आई पुढं आली. तिनं तांब्या पदरानं पुसला, बॅरलमधून भरला आणि वडिलांसमोर धरला.

“घ्या चेअरमन. उनाचं आलाव. आदी तुमी घ्या.”

वडिलांनी मान हलवली. “नको. मला नको.”

त्यांच्या घशाखाली ते पाणी उतरणार नव्हतं. शिव्या खायला आलेला माणूस. कुणी माया केली, तर कुठं तोंड लपवावं हे त्याला कळंना. मला हे दिसत होतं. पण वस्तीला कसं दिसावं? त्यांना दिसलं ते एवढंच, की चेअरमननं त्यांच्या हातचं पाणी नाकारलं.

म्हातारीचा हात तसाच राहिला. माझ्याबरोबर महिनाभर एकाच विडीचे झुरके मारलेला माझा तो सोबती माझ्याकडं बघायचंही टाळून म्हणाला, “राहू दी आई. त्यास्नी आपलं चालत नसंल.”

‘तसं न्हाय,’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात ओसरीच्या कोनाड्यात यांच्यासाठी वेगळी कपबशी होती. ती त्यालाही ठाऊक होती. कुठल्या तोंडानं सांगू?

वडिलांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. “न्हाय, न्हाय... तसं न्हाय ओ, आक्का,” ते पुटपुटले. म्हातारीनं तांब्या मागं घेतला होता. मग सगळ्या वस्तीसमोर वडिलांनी टोपी काढली, उकिडवे बसले आणि तिच्यापुढं ओंजळ धरली. आमच्या अंगणात तिच्यासारखी माणसं वरून ओतलेलं पाणी प्यायला बसायची, तसे.

तिनं त्यांच्या ओंजळीकडं बघितलं. पाणी ओतलं नाही.

“उठा, चेअरमन,” ती म्हणाली. “आमच्या दारात आता कुनी ओंजळीनं पीत न्हाय.”

आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.