जपानी रेकॉर्डवरची कागदी पट्टी

"भावजी, हे गेले हो..." सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. दूध उतू गेलं. पुढे मी गॅस कधी बंद केला आणि इंदिरानगरला कसा पोहोचलो, काही आठवत नाही. सुधाकर आजारी नव्हता. आदल्याच रविवारी त्याच्याकडे बसून आम्ही रेकॉर्ड ऐकली होती. म्हणजे त्याने ऐकली, मी पोहे खाल्ले.

आम्ही दोघं ओझरच्या विमान कारखान्यात होतो. ओळख झाली ती द्वारका चौकातून सुटणाऱ्या कारखान्याच्या बसमध्ये. तो देवळाली कॅम्पात वाढलेला. शेजारच्या बंगल्यातल्या लष्करी साहेबाकडे परदेशी रॉक वाजायचं, त्याने हा पोरवयातच झपाटला. पुढे चुलतभाऊ बोटीवर लागला आणि त्याने योकोहामाहून एक रेकॉर्ड आणून दिली. बँड इंग्रज, पण रेकॉर्ड जपानात काढलेली. तेव्हापासून ह्याला दुसऱ्या देशातली चालेना. "गाणं सुरू व्हायच्या आधी ऐक," तो मला म्हणायचा. "काय ऐकू?" "काही ऐकू येत नाही ना? ना खरखर, ना टिकटिक. तेच तर!" मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण त्या दोन क्षणांत त्याचा चेहरा असा निवलेला असायचा की मी दर रविवारी जात राहिलो.

ह्या जपानी रेकॉर्डींच्या कव्हरवर डाव्या कडेला कागदाची एक पट्टी गुंडाळलेली असते. तिला ओबी म्हणतात. ती नसली तर शौकिनांच्या लेखी रेकॉर्ड अर्धीच. हे सगळं सुधाकर मला रंगून सांगायचा. घरात मात्र कधी बोलला नाही. बायकोला यात काय रस, हे त्याने परस्परच ठरवून टाकलं होतं.

एका दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी रेकॉर्डींचं कपाट काढलं. प्रत्येक कव्हर मऊ फडक्याने पुसलं आणि नव्या साडीवरचं लेबल काढावं तशी एकेक पट्टी काढून रद्दीत घातली. संध्याकाळी मी सुधाकरबरोबरच घरात शिरलो. रद्दीवाला केव्हाच येऊन गेला होता. "बघा, कशा स्वच्छ दिसतायत आता!" वहिनी कौतुकाने म्हणाल्या. तो खुर्चीत बसला. "हो गं, छान दिसतायत," म्हणाला. मला सोडायला आला तेव्हा जिन्यात एवढंच बोलला, "तिला कळता कामा नये. कधीच." काय मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं... पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

गेल्या आठवड्यात पुण्याचा एक संग्राहक रेकॉर्डी पाहायला आला, म्हणून वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्याने दोन-चार काढून पाहिल्या. "काका, ओबी वेगळ्या ठेवल्यात का?" "नव्हत्याच त्या," मी घाईघाईने म्हणालो. तो हसला. "नव्हत्या कशा? खूण आहे की." खरंच, प्रत्येक कव्हरच्या डाव्या कडेचा रंग ताजा होता, बाकीचा विटलेला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

तो गेल्यावर सगळं सांगावंच लागलं. मला वाटलं, रडतील. त्या चिडल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत, आणि मला नाही?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून त्याने..."

"वाटू द्यायचं होतं की! ओरडायचं होतं माझ्यावर. भांडलो असतो, मी रडले असते, दुसऱ्या दिवशी परत चहाला बसलो असतो. हे एवढं मनात घेऊन बसायचे, आणि मी शेजारी भाजी निवडत असायची... आता कुणाची माफी मागू, भावजी?"

ज्या गप्प राहण्याला मी इतकी वर्षं मोठेपण समजलो, त्याने ह्या बाईला संसारातच परकं करून ठेवलं होतं. सुधाकर, तुझी आठवण येते तेव्हा हल्ली तुझा रागही येतो रे.

रेकॉर्डी विकायच्या नाहीत, असं वहिनींनी ठरवलंय. परवा गेलो तर त्या एक कव्हर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "कुठून कुठपर्यंत असायची ती पट्टी?" त्यांनी विचारलं. मी बोटाने दाखवलं. त्यांनी पदराने तेवढीच जागा पुसली. मग पुढचं कव्हर घेतलं.