चष्मेवाल्याची होडी

चष्मेवाल्याचीच नजर अधू व्हावी, हा विनोद गल्लीतल्या प्रत्येकाने त्याला ऐकवला होता. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खराब केले होते आणि त्यावर त्याच्या दुकानातली एकही काच चालणार नव्हती. दुकान मुलीने हाती घेतलं. प्रश्न उरला तो शिडाच्या होडीचा. वर्षानुवर्षं नवराबायको शनिवारी त्या होडीतून समोरच्या छोट्या बेटांवर जात आणि रविवारी परतत. आता होडी विकायची, असं त्याने जाहीर केलं आणि त्या दिवशी तो धड जेवलाही नाही.

"विका की," बायको म्हणाली. "पण या शनिवारी एकदा जाऊन येऊ."

होडीत ती आजवर फक्त चुका काढत आली होती. खडक जवळ आलाय, शीड फडफडतंय, वारा फिरला, लक्ष कुठाय तुमचं? तो याला संसार म्हणत असे. त्या शनिवारीही तिने किनारा सोडताना जे तोंड उघडलं ते मिटलंच नाही. फरक इतकाच, की या वेळी तो ऐकत होता.

"डावीकडे घ्या. अहो, डावीकडे! तुमचा लाडका खडक आलाय."

त्याने होडी वळवली. खडकावर फुटणारी लाट उजव्या हाताला वाजली आणि मागे पडली. थोड्या वेळाने होडीचा तळ बेटाच्या वाळूला घासला. तो बसूनच राहिला.

"उतरा आता. रडताय की काय?"

"होडी विकत नाही मी," तो म्हणाला. "तू फक्त बोलत राहा."

लग्नानंतर हे वाक्य त्याने प्रथमच उच्चारलं होतं.