मोहाखालचा पाला

अड्याळच्या वाटेवर, तलावाखालच्या आमच्या धानाच्या बांधावर मोहाचं एक झाड होतं. मोह ज्याच्या बांधावर, फुलं त्यानेच वेचायची, असा आमच्याकडचा रिवाज. आमच्या घरी ते काम मायचं, म्हणून झाडही मायचंच. ऐंशीच्या आसपास कालव्याची आखणी झाली आणि बुंध्यावर तोडणीचा लाल पट्टा आला. बाबा कचेरीत खेटे घालून दमले, शेवटी त्यांनी हात टेकले.

त्याच फाल्गुनात सिनेमावाले आले. टोपीवाल्या साहेबाने झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "कल सुबह, यहीं" म्हणाला. मायला जेवण सुचेना. मला म्हणाली, "आता कापलं तरी थे सिनेमात राह्यते. आठवण आली का तिकीट काढाचं अन् पाहून येवाचं." तिला एवढंच हवं होतं.

संध्याकाळीच तिने खराटा घेतला. मोह गळायच्या आधी आमच्याकडे खालचा पाला झाडून जाळतात, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात. तिने तेच केलं, वर शेणाचा सडा घातला, बुंध्याला चुना आणि गेरू लावला. लाल पट्टा झाकला गेला, त्याचंही तिला बरं वाटलं.

सकाळी साहेबाने कपाळावर हात मारला. "सूखे पत्ते कहाँ गए?" त्याला हिरॉईन पाल्यातून चालवायची होती.

"जाळले ना जी!" माय हरखून म्हणाली. "एक पान ठेवलं नाही."

मंडळी गाडीत बसून पुढच्या गावाला गेली. एवढा तामझाम घेऊन आले, पण शेजारून चार टोपल्या पाला आणावा हे एकालाही सुचलं नाही! मला अजूनही त्यांचा संताप येतो.

पावसाळ्याआधीच आमचं झाड पाडलं. पुढे तो सिनेमा पवनीला लागला, तेव्हा माय हट्टाने माझ्यासोबत आली. पडद्यावर मोह दिसला, दुसऱ्याच कुणाचा, पण काय देखणा! उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुपके, त्यातून उतरणारं ऊन, खाली घोटाभर पाला आणि हिरॉईनच्या पायांखाली त्याची सळसळ. पुढच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. माय पदर तोंडाला लावून रडत होती.

"आपल्या झाडाखालीबी असाच होता ना वं," ती म्हणाली. "म्याच झाडला."

तसं नाही गं माय, म्हणायला मी तोंड उघडलं. पण तसंच होतं.